जाडीमामांचा तीन पॉइंट आठ

जाडीमामांना पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास हसतो. नाव जाडीमामा, आणि अंगावरचा शर्ट बघावा तर हँगरला टांगल्यासारखा. पण हे नाव अंगावरून नाही पडलेलं, कामावरून पडलंय. वीज तयार करणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं ते एकच काम करत आलेत: पाइपाची भिंत किती जाड उरलीय ते बाहेरून सांगायचं. पाइप कापायचा नाही, उघडायचा नाही, आतलं पाणी थांबवायचं नाही. वरून जेलचा एक थेंब, त्यावर बोटाएवढा प्रोब. प्रोबमधून आवाज आत जातो, भिंतीच्या पलीकडच्या कडेवर आपटून परत येतो, आणि हातातल्या डबीवर मिलिमीटरमध्ये आकडा उमटतो. हा आवाज माणसाला ऐकू येत नाही. तरी मामा प्रोब टेकवताना मान वाकडी करून कान देतात आणि आकडा आला की मिशीतल्या मिशीत म्हणतात, "हं. चार पॉइंट एक. बरं आहे, बरं आहे." जणू आजाऱ्याला भेटायला आलेत.

मामांची नक्कल कँटीनमध्ये सगळ्यांना येते, कारण ती सोपी आहे. मान वाकडी करायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "ऐका तर." मामांचं प्रत्येक वाक्य 'ऐका तर'नं सुरू होतं. आणि पुढची पंधरा मिनिटं समजावण्यात जातात हे ठाऊक असल्यामुळे ते कुणी ऐकत नाही. चहाचा कप घेऊन मामा टेबलाशी आले की तीन जणांना एकदम काम आठवतं.

घरी वेगळी तऱ्हा नाही. सवयीनं ते दारावर, टेबलावर, पाण्याच्या टाकीवर टिचकी मारून बघतात. बायको म्हणते, "मोजून झालं असेल तर जेवायला बसा. ताट पातळच आहे, ते मी सांगते."

वरच्या मजल्यावर लेक आणि जावई राहतात. जावई त्याच कारखान्यात पंपांवर ऑपरेटर आहे. त्याला घरी सासऱ्यांना 'बाबा' म्हणावं लागतं आणि कामावर सगळ्यांसारखं 'मामा'. दिवसातून दोनदा नातं बदलायचं म्हणजे जीभ घसरणारच. एकदा भर मिटिंगमध्ये त्यानं "बाबा, रीडिंग किती?" असं विचारलं आणि महिनाभर लोकांनी त्याला सोडलं नाही. तेव्हापासून तो बहुतेक वेळा नुसतं "अहो" म्हणतो. त्यावर सासूबाई म्हणतात, "हे अहो तेवढं माझ्याकडे राहू दे, जावईबापू. तीस वर्षं मीच वापरतेय."

जावई जिथे उभा असतो ती जागा सांगायला हवी. पंपांच्या हॉलमध्ये भिंतीला लागून एक पॅनेल आहे, बटणांचं आणि दिव्यांचं. ऑपरेटरला आठ तास त्याच्यासमोरच थांबावं लागतं. आणि पॅनेलच्या वर, हात उंच केला तर बोटं लागतील इतक्या अंतरावर, बॉयलरकडे जाणारा गरम पाण्याचा पाइप वळतो. त्या वळणाला म्हणतात सात नंबरचा बेंड. आतलं पाणी उकळत्याहून कितीतरी जास्त गरम, दाबाखाली आहे म्हणून पाणी. बाहेर आलं की ते पाणी राहत नाही, त्याची वाफ होते, आणि समोर कोण आहे हे वाफ विचारत नाही.

पाइप वळणावर झिजतात. पाणी वळताना बाहेरच्या अंगाला घासत जातं आणि वर्षानुवर्षं लोखंड चाटत राहतं. सात नंबरच्या बेंडवर गरम राहण्यासाठी जाड जॅकेट घातलेलं आहे, आणि मोजायला त्यात ठिकठिकाणी खिडक्या कापलेल्या आहेत. तीन महिन्यांपूर्वी मामांनीच हट्ट करून वळणाच्या बाहेरच्या अंगाला नवी खिडकी पाडून घेतली होती. "ऐका तर, पाणी जिथे घासतं तिथेच आपण बघत नाही." शेवटी कंटाळून साहेबांनी खिडकी पाडून दिली. मामांनी प्रोब टेकवला. आकडा आला तीन पॉइंट आठ.

आजूबाजूच्या खिडक्यांमध्ये चार पॉइंट एक, चार, चार पॉइंट दोन. त्यांच्या शेजारी तीन पॉइंट आठ अगदी शोभून दिसला. मर्यादा तीन, त्याखाली गेला की पाइप बदलायचा. मामांनी फॉर्मवर लिहिलं, 3.8, आणि खाली 'मोजणाऱ्याची सही' या चौकोनात सही ठोकली. त्यांची सही म्हणजे ठसाच, एकतीस वर्षांत एक वळण बदललेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात त्या जागेवर कायमचा सेन्सर बसला. आता मामांनी शिडी चढायची गरज नव्हती. आकडा थेट ऑफिसातल्या स्क्रीनवर येणार होता. पण सेन्सर बसवताना त्याला आधी सांगावं लागतं की बाबा रे, इथे आज इतकी जाडी आहे, इथून पुढे तू बघ. स्क्रीन सांभाळणाऱ्या मॅडमनी त्याला मामांचा आकडा सांगितला. तीन पॉइंट आठ.

या मॅडम मामांच्याच हाताखाली शिकलेल्या. दोन वर्षांपूर्वी प्रोब उलटा धरायच्या, आता स्क्रीनसमोर बसून "ट्रेंड छान आहे" म्हणतात. 'ट्रेंड'मधला 'ट्रें' त्या असा लांबवतात की गाडी स्टेशनात शिरतेय असं वाटावं.

तीन महिन्यांनी मामांची नेहमीची फेरी आली. शिडी लावली, खिडकी उघडली, आणि प्रोबची केबल हातातच तुटली. जुनी केबल, कधीतरी तुटायचीच. मामांनी पेटीतून नवा प्रोब काढला, बारीक तोंडाचा, अवघड जागांसाठी घेतलेला आणि फारसा न वापरलेला. गरम पाइपावर तीन सेकंदच टेकवायचा असतो. टेकवला. मान वाकडी झाली.

एक पॉइंट सात.

"हं," मामा म्हणाले. पुढचं 'बरं आहे' आलंच नाही.

जेल पुसलं, नवं लावलं, पुन्हा टेकवला. एक पॉइंट सात. बोटभर बाजूला सरकवला. एक पॉइंट सहा. खाली उतरून केबल जोडून घेतली, वर चढले, जुना प्रोब टेकवला. तीन पॉइंट चार.

शिडीवर उभं राहून मामांनी दोन्ही आकड्यांकडे बघितलं. एक दुसऱ्याच्या बरोब्बर निम्मा होता. त्याच क्षणी त्यांना कळलं, आणि कळल्यावर त्यांनी शिडीचा दांडा घट्ट धरला.

जुन्या प्रोबचं दुखणं त्यांना पाठ होतं, ते स्वतः दुसऱ्यांना शिकवत. भिंत फारच पातळ झाली की आवाज इतक्या लवकर परत येतो की प्रोबचं अजून बोलणंच संपलेलं नसतं. पहिला प्रतिध्वनी त्याला ऐकूच येत नाही. आवाज पुन्हा आत जातो, पुन्हा आपटून येतो, तो दुसरा मात्र ऐकू येतो. दोन फेऱ्यांना प्रोब एक फेरी समजतो आणि दुप्पट जाडी सांगतो. बारीक तोंडाच्या प्रोबचं बोलणं लवकर संपतं, म्हणून त्याला पहिलाच प्रतिध्वनी ऐकू येतो. म्हणजे तीन महिन्यांपूर्वी तिथे तीन पॉइंट आठ नव्हते, एक पॉइंट नऊ होते. शेजारच्या आकड्यांत तो आकडा खपून गेला म्हणून त्यांनी दुसरा प्रोब लावून बघितला नाही. एकतीस वर्षांत जी चूक करू नका म्हणून ते दुसऱ्यांच्या मागे लागले, ती त्यांनी केली होती, आणि खाली सही केली होती.

"मामा, किती?" खालून आवाज आला. जावई होता. पॅनेलसमोर उभा, मान वर करून.

"जरा बाजूला हो," मामा म्हणाले.

"शिडी हलतेय का?"

"हो," मामा म्हणाले. शिडी हलत नव्हती.

साहेबांना कारखाना 'बघूया साहेब' म्हणतो. माणूस वाईट नाही. कुणालाही नाही म्हणत नाहीत, ही त्यांची ख्याती. मामांनी पंधरा मिनिटांचं सगळं पाच मिनिटांत सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा. साहेबांनी मान डोलावली.

"त्याचं काय आहे मामा, लाइन बंद करायची म्हणजे युनिट बंद. एकोणीस दिवसांनी आपण तसंही बंद करतोच आहोत. मग बघूया ना."

"ऐका तर साहेब, एकोणीस दिवस नाहीयेत त्याच्याकडे."

साहेबांनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी स्क्रीन फिरवून दाखवला. हिरवी रेघ, तीन पॉइंट आठवरून तीन पॉइंट चारवर आलेली. "कमी होतंय, पण ट्रेंड समजण्यासारखा आहे. एकोणीस दिवसांत तीनच्या खाली जात नाही."

"त्याला तीन पॉइंट आठ मीच सांगितला होता. तो माझीच चूक मला परत वाचून दाखवतोय."

"पण मामा," साहेब मायेनं म्हणाले, "आम्ही विश्वास तुमच्यावरच ठेवतोय की. तीन महिन्यांपूर्वीच्या तुमच्यावर. ही बघा तुमची सही."

सही मामांचीच होती. वळण तेच.

मॅडम जरा घुटमळल्या, मग म्हणाल्या, "मामा, रागावू नका. तुम्हीच शिकवलंय म्हणून विचारते. लोखंडाच्या मध्ये थर सुटलेला असेल तर आवाज मधूनच परततो. तेव्हा आकडा निम्मा येतो ना? मग जुना प्रोब बरोबर आणि नवा प्रोब त्या थरावर फसतोय, असंही असेल."

हे मामांनीच शिकवलं होतं, याच टेबलाशी, कागदावर चित्र काढून. आणि ते खोटं नव्हतं. प्रत्यक्ष लाटा दाखवणारं मोठं यंत्र असतं तर एका नजरेत निकाल लागला असता, पण ते दुरुस्तीला बाहेर गेलेलं, परत यायला महिना. हातातली डबी फक्त आकडा दाखवते. आकडा निम्मा का आला हे आकडा सांगत नाही.

"असेल," मामा म्हणाले. "पण नसेल तर?"

"बघूया," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामा घरून तवा घेऊन आले. लोखंडी, पातळ, कडेला जरा वाकलेला. बायकोनं विचारलं होतं, "तिथे स्वयंपाक करणार आहात?" तर म्हणाले, "प्रयोग आहे." साहेबांच्या टेबलावर तवा ठेवून त्यांनी आधी व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचा चिमटा, लावला. एक पॉइंट सहा. मग जुना प्रोब लावला. डबीवर आलं तीन पॉइंट दोन.

"बघा साहेब. तवा काही रातोरात दुप्पट झाला नाही."

साहेबांनी तवा हातात घेतला, उलटून बघितला. कौतुकानं. "वा. मामा, हे ट्रेनिंगमध्ये दाखवायला हवं सगळ्यांना." मग तवा परत ठेवला. "पण तवा तो तवा. त्याच्या जोरावर वरच्या ऑफिसला काय सांगू? की तव्यावरून युनिट बंद करा?"

बाहेर ऑफिसात कुणीतरी फुसकन हसलं. दुपारपर्यंत कँटीनमध्ये नक्कल तयार होती: एका हातात ताट, मान वाकडी, "ऐका तर, हा तवा तीन पॉइंट दोन आहे." मामा शेजारच्या टेबलावर बसून चहा पीत होते. त्यांना ऐकू आलं. नक्कल चांगली जमली होती.

साहेबांनी त्यांच्या परीनं पुढची पायरीही घेतली. बाहेरच्या एजन्सीचा एक तपासनीस बोलावला. टापटीप माणूस, नवी पेटी. शिडी चढला, प्रोब टेकवला. मामा खाली उभे राहून बघत होते. प्रोब त्याच जातीचा, रुंद तोंडाचा.

"तीन पॉइंट चार," तपासनीस वरून म्हणाला.

"अहो, बारीक तोंडाच्या प्रोबनं एकदा..."

"काका, आमच्याकडे कामाची पद्धत लिहून दिलेली आहे. त्यात हाच प्रोब आहे." त्यानं सही करून कागद दिला. आता फाइलमध्ये तीन साक्षीदार झाले: सेन्सर, तपासनीस आणि तीन महिन्यांपूर्वीचे मामा. विरुद्ध बाजूला आजचे मामा आणि एक तवा.

त्या संध्याकाळी मामा वरच्या मजल्यावर गेले. लेक कपडे घडी करत होती. तिनं वडिलांचा चेहरा बघितला आणि विचारलं, "बाबा, काय झालंय?"

"कुठे काय. तुझ्या नवऱ्याशी बोलायचंय जरा. कामाचं."

गॅलरीत दोघं उभे राहिले. मामांनी सगळं सांगितलं. जावई मुकाट्यानं ऐकत राहिला. 'ऐका तर' न म्हणताही कुणी ऐकतंय हे मामांना नवीनच होतं.

"रजा टाक," मामा शेवटी म्हणाले. "युनिट बंद होईपर्यंत. आजारी आहे म्हण. मी डॉक्टरचं बघतो."

जावई म्हणाला, "बाबा, मी नसलो तर माझ्या जागी पॅनेलवर दुसरा उभा राहील. तोही कुणाचा तरी जावई असेलच ना?"

मामांना कानाखाली बसल्यासारखं झालं. एकतीस वर्षं पाइपाच्या पोटातलं ओळखणाऱ्या माणसाला एवढं सुचलं नव्हतं. सुचलं होतं, पण त्यांनी तिकडे कान दिला नव्हता.

"पॅनेल हलवता येत नाही?"

"भिंतीत बसवलंय. तुम्हाला माहितीये."

"माहितीये."

"मग पुन्हा साहेबांना सांगा."

"सांगतो," मामा म्हणाले. "ऐकतात ते. सगळं ऐकतात."

आतून लेक म्हणाली, "काम झालं असेल तर चहा ठेवू?" दोघंही एकदम हो म्हणाले.

मग मामांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं, आणि ते काहीच नव्हतं. रोज सकाळी शिडी लावायची, प्रोब टेकवायचा, आकडा लिहायचा. एक पॉइंट सात. एक पॉइंट सात. सात. सहा. उतरून पॅनेलशेजारी स्टूल टाकून बसायचं. त्यांची ड्यूटी तिथे नव्हती, पण कुणी हटकलं नाही. शिफ्ट कुणाचीही असो, मामा स्टुलावर. दुसरा ऑपरेटर चेष्टेनं म्हणाला, "मामा, जावयाची शिफ्ट सकाळी होती." मामा म्हणाले, "आहे माहीत." तो म्हणाला, "मग माझ्यावर एवढं प्रेम?" मामांनी वर बेंडकडे बघितलं आणि त्याच्याकडे त्याच्या मुलांची चौकशी केली.

आपण बसल्यानं पाइप जपून झिजणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. काही झालं असतं तर स्टुलावरचा माणूसही भाजला असता, एवढाच फरक. आणि कधीकधी, मॅडम म्हणाल्या तसं, मधला थर सुटला असेल असं त्यांना वाटायचं. तसं निघावं, आपण मूर्ख ठरावं, कँटीननं वर्षभर तवा वाजवावा अशी मनापासून इच्छा व्हायची. माणूस आपलंच चुकलेलं निघावं म्हणून देव पाण्यात ठेवून बसतो, ते असं.

एकोणिसाव्या दिवशी युनिट ठरल्याप्रमाणे बंद झालं. सात नंबरचा बेंड कापला. कापलेला तुकडा जमिनीवर ठेवला तेव्हा साहेब, मॅडम, जावई सगळे होते. मामांनी व्हर्नियर लावला. खुणेच्या जागी एक पॉइंट सहा. बोटभर बाजूला, सगळ्यात पातळ जागी, एक पॉइंट चार. मध्ये कुठेही थर सुटलेला नव्हता. आतून ती जागा चमच्यासारखी गुळगुळीत झाली होती.

मॅडमनी तुकड्याला हात लावून बघितला आणि त्यांचे डोळे भरून आले. "मामा, मी..."

"तुमचं बरोबर होतं," मामा म्हणाले. "तसंही असू शकलं असतं."

साहेब खाली वाकून बराच वेळ बघत होते. चेहरा उतरला होता, खरोखर. मग हळूहळू, दिवा लागावा तसा, त्यांच्या तोंडावर एक विचार उमटला.

"म्हणजे मामा, एक पॉइंट चारलासुद्धा टिकलं."

"अं?"

"एकोणीस दिवस. पूर्ण दाबाखाली. काही झालं नाही. आपण तीनची मर्यादा धरून बसलो होतो. जरा जास्तच कडक नाही का ती?"

"ऐका तर साहेब, टिकलं ते..."

"तुमच्यामुळेच हे कळलं मामा. तुम्ही मागे लागला नसतात तर आम्ही एवढ्या बारकाईनं मोजलंच नसतं." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात खोटेपणा नव्हता, तेच अवघड होतं.

महिन्याभरात वरच्या ऑफिसातून मंजुरी आली. मर्यादा तीनवरून दोनवर. सोबत टिपण होतं: 'ज्येष्ठ तपासनीसाच्या प्रत्यक्ष मोजमापाच्या आधारे.' ज्येष्ठ तपासनीस म्हणजे मामा. आणखी एक गोष्ट मान्य झाली होती: यापुढे सगळे बेंड बारीक तोंडाच्या प्रोबनंच मोजायचे. हे मामांनी मागितलं होतं, आणि ते मिळालं. तवा घरी गेला. बायको म्हणाली, "प्रयोग झाला?" मामा म्हणाले, "झाला." तिनं तवा घासून पुन्हा चुलीवर ठेवला.

पुढच्या फेरीला मामा नऊ नंबरच्या बेंडवर चढले. तोही त्याच पॅनेलच्या वर, हातभर पलीकडे. खिडकी, बारीक प्रोब, जेलचा थेंब. मान वाकडी झाली.

दोन पॉइंट एक.

त्यांनी जेल पुसून पुन्हा टेकवला. दोन पॉइंट एक. खरा आकडा, चूक नाही, दुप्पट नाही. गेल्या खेपेला याच जागी त्यांच्या सहीनं चार पॉइंट चार लिहिलेलं होतं. आता त्यांचं म्हणणं कुणी खोडून काढणार नव्हतं. इथे सेन्सर बसला की तोही हाच आकडा दाखवेल, हिरव्या रंगात. दोनच्या वर आहे.

फॉर्मवर 'शेरा' असा एक चौकोन असतो, दोन बोटं रुंद. मामांनी पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"मामा, किती?" खालून जावयानं विचारलं.

मामांनी आकडा लिहिला, खाली सही केली, शिडीवरून उतरले आणि पॅनेलशेजारचं स्टूल ओढून घेतलं.

जावयानं स्टुलाकडे बघितलं, मग वर बघितलं, आणि थोडं सरकून मामांना जागा करून दिली.